चौकाच्या उजेडात साडी: महालातील एका वाड्याचे दुकान झाले, त्याविषयी

नागपूरच्या महाल भागात जुन्या वाड्यांची दुकाने होणे ही नवी गोष्ट नाही, मात्र बहुतेक ठिकाणी ती एकाच रीतीने होतात. रस्त्याकडची भिंत फोडून तिच्यात लोखंडी शटरचे तीन-चार गाळे काढले जातात, मागचा चौक पत्र्याने झाकून त्याचे गोदाम केले जाते, आणि वरची माडी कवेलू निसटून पावसाचे पाणी तुळयांत मुरेपर्यंत तशीच सोडून दिली जाते. म्हणून एका परिचित बाईंनी जेव्हा सांगितले की एका कुटुंबाने आपला दोन चौकी वाडा न फोडता त्याच्या पुढच्या चौकात हातमागाच्या साड्यांचे दुकान थाटले आहे, तेव्हा साडीपेक्षा घर पाहण्याच्या उत्सुकतेने मी तिथे गेले. त्यानंतर मी वर्षभरात तीनदा गेले: एकदा मे महिन्यातील भर दुपारी, एकदा ऑगस्टच्या झडीत आणि एकदा दिवाळीच्या गर्दीत. एकाच ऋतूत पाहून अशा घराविषयी मत देणे योग्य झाले नसते.

दुकानाच्या पाटीवर घराण्याचे नाव आहे. ते मी येथे देत नाही, कारण मागच्या चौकात कुटुंब अजून राहते आहे आणि पुढे मला काही तक्रारीही नोंदवायच्या आहेत.

गल्लीतून पाहिले तर दुकान आहे हे चटकन लक्षात येत नाही. काळ्या दगडाचे कमरेएवढे जोते, त्यावर पातळ विटांची जवळजवळ आंधळी भिंत, मध्यभागी लोखंडी गुलमेख ठोकलेला सागवानी दरवाजा आणि त्याच्या एका फळीत वाकून जाण्यापुरती दिंडी, एवढेच रस्त्याला दिसते. वाडा रस्त्याकडे पाठ करून बसतो आणि दुकानाला तर रस्त्याशी बोलावे लागते. सगळ्या रूपांतरांची अडचण इथेच सुरू होते. या मालकांनी दर्शनी काच लावण्याचा मोह टाळला आहे. दुकानाच्या वेळेत दोन्ही दारे पूर्ण उघडी असतात, देवडीतल्या, म्हणजे दरवाजाच्या लगेच आतल्या जागेतल्या उंच ओट्यावर, जिथे पूर्वी पहारेकरी बसत, तिथे एकच साडी पसरलेली असते आणि ती रोज बदलते. देवडीतून आत जाणारी वाट सरळ नाही, ती काटकोनात वळते, त्यामुळे रस्त्यावरून चौक दिसत नाही. वाडा बांधणाऱ्याने ही आडोशाची योजना घरातल्या बायकांसाठी केली होती. आज तिचा उपयोग असा होतो की वळण घेताच रस्त्यावरच्या दुचाक्यांचा आवाज निम्म्यावर येतो आणि माणूस आपोआप सावकाश चालू लागतो. गल्ल्याचे मेज या वळणावरच्या लहान बैठकीत ठेवले आहे, जिथे कारकून दप्तर मांडून बसत असे.

या घराला कारकुनाची बैठक असावी याचे कारण महालाच्या इतिहासात आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी गोंड राजा बख्त बुलंद शाह याने हे नगर वसवले आणि पुढे पहिल्या रघूजी भोसल्यांच्या काळापासून ते मराठी राज्याचे मोठे केंद्र बनले. राजवाड्याभोवती चिटणीस, फडणवीस, सरदार, सावकार यांचे वाडे उभे राहिले आणि त्यांच्या हुद्द्यांवरून वस्त्यांना नावे पडली. चिटणवीसपुरा हे नाव आजही रोजच्या तोंडात आहे. १८५३ मध्ये तिसरे रघूजी वारले, दत्तक वारस नामंजूर करून डलहौसीने १८५४ मध्ये राज्य खालसा केले आणि ज्या दरबारासाठी ही घरे बांधली गेली होती तो दरबारच उरला नाही. नव्या सत्तेची कचेरी आणि बंगले सीताबर्डीपलीकडे, पश्चिमेला गेले. वाडे मात्र राहिले, भाऊबंदकीत वाटले गेले, भाडेकऱ्यांनी भरले. घराने आपला उद्देश हरवल्यावर नवा शोधणे ही त्यामुळे इथे फार जुनी प्रक्रिया आहे. नागपूरच्याच बुटींनी शिर्डीत बांधायला घेतलेल्या वाड्यात १९१८ मध्ये साईबाबांची समाधी झाली आणि तो वाडा समाधी मंदिर म्हणून ओळखला जाऊ लागला, हे उदाहरण सर्वांना ठाऊक आहेच. वाड्याचे दुकान झाले म्हणून हळहळणाऱ्यांपैकी मी नाही. दुकानाने घराचे ऐकले की घराला गप्प केले, एवढेच मला पाहायचे असते.

चौकात आल्यावर या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी मिळते. चौक साधारण वीस फूट लांब-रुंद, फरसबंदी, एका कोपऱ्यात तुळशीवृंदावन, आणि मुख्य म्हणजे वरून मोकळा. चारी बाजूंनी ओसरी आहे, तिचे जोते चौकापासून दीड फूट उंच, म्हणजे माणसाला कडेवर पाय सोडून बसता येईल इतकेच. ओसरीच्या कडेने सुरूदार खांब उभे आहेत. खाली दगडी तळखडा, त्यावर तळाशी फुगीर आणि वर निमुळता होत जाणारा सागवानी खांब, माथ्यावर दोन्ही बाजूंना पसरलेले हात आणि दोन खांबांमध्ये लाकडी महिरप, जिच्या टोकांना केळफुले लोंबतात. ओसरीवर पांढरी गादी अंथरली आहे. विक्रेते भिंतीकडे पाठ करून बसतात, गिऱ्हाईक कडेला बसते आणि साड्या मध्ये उलगडल्या जातात. शहरातल्या इतवारी बाजारातल्या जुन्या कापड पेढ्यांत ज्यांनी गादीवर बसून खरेदी केली आहे त्यांना ही बैठक ओळखीची वाटेल, पण इतवारीच्या पेढीत दिवसाही दिवे लावावे लागतात. इथे लागत नाहीत.

हा उजेड हेच या दुकानाचे सर्वात मोठे वैभव आहे, आणि त्यासाठी मालकांनी काही केलेले नाही, फक्त चौक झाकण्याचे टाळले आहे. आकाशातून उतरलेला प्रकाश फरशीवर आणि समोरच्या चुन्याच्या भिंतीवर आपटून ओसरीत येतो, म्हणून तो डोळ्यांत खुपत नाही, कापडावर चमकत नाही आणि रंगाला खोटे पाडत नाही. पहिल्या भेटीत मी एक टसरची करवती किनारीची साडी आतल्या खोलीत दिव्याखाली पाहत होते, तेव्हा दाखवणारा तरुण स्वतःच म्हणाला, "ताई, रंग पाहाचा असंल तं चौकात या न. इथं नाही समजत." आम्ही साडी घेऊन चौकाच्या कडेला आलो आणि जी मला मातकट वाटली होती तिच्यात मधाचा रंग दिसू लागला. टसरचे किडे आपल्या पूर्व विदर्भाच्या जंगलात ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर वाढतात आणि त्यांच्या धाग्याला हा रंग जन्मतःच असतो. पिवळ्या दिव्याखाली तो मरतो आणि पांढऱ्या ट्यूबखाली राखाडी दिसतो. करवतीच्या दात्यांसारखी जी नक्षी किनारीला असते, तिच्यात अंगाचा आडवा धागा आणि किनारीचा धागा एकमेकांत अडकवलेला असतो, त्यासाठी विणकर तीन धोटे, म्हणजे आडवा धागा नेणारी साधने, चालवतो. ही गुंफण नीट झाली आहे की नाही हे पाहायला साडी उजेडासमोर धरावी लागते. भंडारा जिल्ह्यातल्या मागांवर होणाऱ्या या विणकामाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि त्याची पारख करायला या ओसरीइतकी योग्य जागा मी शहरात दुसरी पाहिलेली नाही.

मांडणीतही घराचे माप पाळले आहे. वाड्याचे माप फुटात नव्हे, खणात असते. दोन खांबांमधले अंतर म्हणजे एक खण, आणि खोली दोन खणी की पाच खणी यावरून तिची प्रतिष्ठा ठरते. या दुकानातली कपाटे खणाखणांत बसतील अशी करून घेतली आहेत. ती मागच्या भिंतीला खिळलेली नाहीत, स्वतःच्या पायांवर उभी आहेत आणि खांबाच्या पुढे कुठेही येत नाहीत. भिंतीतले कोनाडे बुजवलेले नाहीत; दिवे ठेवायच्या लहान कोनाड्यांत आता सुताची एकेक लडी ठेवली आहे आणि तिच्याखाली त्या साडीचा माग कुठल्या गावचा, एवढीच चिठ्ठी आहे. विजेच्या तारांसाठी भिंतीत झिरी मारलेली नाही. तारा तुळईच्या कडेने उघड्या नळीतून नेल्या आहेत. त्या दिसतात, आणि दिसल्या तरी चालतील, कारण उद्या काढल्या तर भिंतीला ओरखडाही राहणार नाही. लाकडाला चकचकीत पॉलिश न मारता जवसाचे तेल पाजले आहे, त्यामुळे खांबांवर जुन्या हातांचा गुळगुळीतपणा जसाच्या तसा जाणवतो.

भिंतींविषयी मात्र दोन वेगळ्या कथा सांगाव्या लागतात. चौकाभोवतीच्या ओसरीला चुन्याचाच गिलावा आहे आणि जिथे तो पडला होता तिथे पुन्हा चुन्यानेच भरला आहे. चुन्यात गूळ, बेलफळाचा गर, मेथी घालून तो मुरवण्याची जुनी पद्धत जाणणारा गवंडी मिळायला अनेक महिने थांबावे लागले असे मालकीणबाईंनी सांगितले, आणि काम पाहून ते पटते. पण देवडीलगतच्या उत्तरेकडील खोलीत, बहुधा उद्घाटनाच्या घाईत, सिमेंटचा गिलावा झाला आहे. मे महिन्यात तो गुळगुळीत दिसत होता. ऑगस्टमध्ये गेले तेव्हा जमिनीपासून तीन फुटांपर्यंत रंग फुगलेला होता आणि बोट लावले की पांढरी भुकटी हाताला येत होती. याला आपल्याकडे लोणा लागणे म्हणतात. जुनी भिंत माती-विटांची आणि पायात ओलावा रोखणारा थर नसलेली असते, ती पावसाळ्यात जमिनीतले पाणी ओढते आणि पुढच्या महिन्यांत चुन्यातून हळूहळू बाहेर टाकते. सिमेंटने तिची ही वाट बंद होते, पाणी आतच कोंडते आणि क्षार घेऊन जिथे फट सापडेल तिथून फुटते. त्या खोलीत सुती साड्यांचे गठ्ठे थेट भिंतीला टेकवून ठेवले आहेत. ते तिथून हलवणे आणि गिलावा खरवडून काढणे, ही दोन्ही कामे पुढच्या पावसाळ्याच्या आधी झाली पाहिजेत.

दुसरी चूक मला अधिक खटकली, कारण ती घराच्या स्वभावाविरुद्ध आहे. माजघराला, म्हणजे ओसरीच्या आतल्या सर्वात मोठ्या खोलीला, काचेचे दार लावून तिथे वातानुकूलन बसवले आहे आणि भारी रेशमी साड्या तिथे दाखवतात. लग्नाची खरेदी करणारी मंडळी थंड खोलीची अपेक्षा करतात हे मला समजते. पण त्या यंत्राचा बाहेरचा भाग चौकात, नेमका तुळशीवृंदावनाच्या वर, भिंतीवर टांगला आहे आणि तो भर दुपारी गरम हवा चौकात ओततो. नागपूरचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो आणि अशा दिवसांसाठीच हा चौक बांधलेला आहे: रात्री उघड्या आकाशाखाली फरशी आणि भिंती निवतात, थंड हवा जड असल्याने चौकात साचते, आणि दोन फूट जाडीच्या भिंती दिवसाची धग आतल्या बाजूपर्यंत पोहोचायला संध्याकाळ करतात. मे महिन्यात दुपारी दोन वाजता मी दक्षिणेच्या ओसरीत पंख्याखाली तासभर बसले आणि मला त्रास झाला नाही. उत्तरेच्या ओसरीत, त्या यंत्रासमोर, पाच मिनिटे बसवले नाही. एका खोलीच्या थंडाव्यासाठी बाकीच्या घराचा थंडावा खर्च होतो आहे. ते यंत्र मागच्या परसाच्या भिंतीवर नेता येईल. खरे तर आपल्या कोरड्या उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे आणि कूलर यांवर या घराने कित्येक वर्षे काढली आहेत, आणि ओसरीत आजही तेच चालते.

बाकी खोल्यांचा उपयोग सुज्ञपणे केला आहे. देवघर देवघरच राहिले आहे आणि सकाळची पूजा होऊनच गादी घातली जाते. बाळंतिणीची खोली, जी मुद्दाम अंधारी आणि बिनखिडकीची असते, तिथे ब्लाउजची मापे घेतात. आडोसा उत्तम आहे, हवा मात्र खेळत नाही, एक लहान पंखा तिथे हवाच. फॉल-पिकोची दोन यंत्रे पश्चिमेच्या पडवीत आहेत आणि तिथे बसणाऱ्या बायकांना दिवसभर खिडकीचा उजेड मिळतो, हे पाहून बरे वाटले.

माडी नंतरच्या काळातली आहे. तिथे सुरूदार खांब संपतात, साधे चौकोनी खांब आणि बिडाचा कठडा येतो, छपरावर इंग्रजी कवेलू आहेत. या माडीवर उमरेडच्या सुती साड्यांचे एक लहान, फारच देखणे दालन केले आहे, परंतु तिथे जायचा जिना भिंतीच्या जाडीत कोरलेला आहे, एका वेळी एकच माणूस चढेल इतका अरुंद आणि पायऱ्या नऊ-नऊ इंच उंच. माझ्या आईला गुडघ्यांमुळे तो चढता आला नाही. तिने खाली बसून मागितलेल्या साड्या विक्रेत्याने चार फेऱ्या करून आणून दिल्या आणि कपाळावर आठीही आणली नाही, याबद्दल मी त्याचे मनापासून कौतुक करते. पण ही व्यवस्था त्याच्या सौजन्यावर टिकलेली आहे. देवडीच्या उंच उंबऱ्याचेही तसेच आहे. उंबरा कापू नये, पण वर ठेवता-काढता येईल असा लाकडी उतार सुताराकडून दोन दिवसांत करून घेता येतो. चाकाच्या खुर्चीतल्या एका आजोबांना दिवाळीत चौघांनी उचलून आत घेतलेले मी पाहिले.

आणि आता सर्वात गंभीर गोष्ट. हे घर सागवानाचे आहे: खांब, तुळया, कडीपाट, जिना, महिरपी सगळे लाकूड, आणि आता त्यात मजल्यावर मजला सूत आणि रेशीम भरलेले आहे. महालात राहणाऱ्यांना याची आठवण द्यावी लागू नये, कारण भोसल्यांचा काळ्या दगडाचा, कोरीव लाकूडकामाने भरलेला राजवाडा १८६४ मध्ये आगीतच गेला आणि त्याचे महाद्वार तेवढे मागे राहिले. ज्या लाकडी नक्षीसाठी आपण या दुकानात मान वर करून उभे राहतो, तशी नक्षी त्या राजवाड्यात किती असेल याची कल्पना आता कोणालाच करता येणार नाही. दुकानात अग्निशामक नळकांडी आहेत, पण ती सगळी देवडीत, एका ओळीत टांगलेली आहेत; माडीवर एकही नाही. बाहेर पडायची वाट एकच, तीही काटकोनात वळणारी. पुढच्या आणि मागच्या चौकामध्ये एक दार आहे, त्यातून कुटुंबाच्या परसातून दुसऱ्या गल्लीत निघता येते, म्हणजे घर बांधणाऱ्याने दुसरी वाट देऊन ठेवलेली आहे. दिवाळीत मी गेले तेव्हा, साठ-सत्तर गिऱ्हाइके चौकात आणि माडीवर असताना, त्या दाराला आतून कडी होती आणि पुढे नव्या मालाचे खोके रचलेले होते. कुटुंबाला आपला खासगीपणा जपायचा आहे हे मी समजू शकते. पण दुकान सुरू असेपर्यंत ते दार कडीशिवाय आणि खोक्यांशिवाय असले पाहिजे. मी हे मालकीणबाईंना तिथेच सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, वाद घातला नाही, आणि खोके हलवायला माणूस पाठवला. ते पुन्हा तिथे येऊन बसले आहेत का, हे पाहायला मी जाणार आहे.

खरेदीविषयी थोडे. मी एक सुती नागपुरी साडी २,८०० रुपयांना आणि आईसाठी करवती किनारीची टसर ११,५०० रुपयांना घेतली. इतवारीत यापेक्षा स्वस्त मिळेल, पण तिथे माग कुठला हे कोणी सांगत नाही, आणि यंत्रमागावरची साडी हातमागाची म्हणून गळ्यात मारली जाण्याची धास्ती असते. इथे दोन्ही साड्यांच्या पावतीवर गावाचे नाव लिहून मिळाले. सुती साडी तीनदा धुतली, रंग गेला नाही. भाव ठरलेले आहेत, घासाघीस चालत नाही, आणि वीस साड्या उलगडून एकही न घेता उठलेल्या गिऱ्हाइकालाही पाणी विचारले जाते.

गल्लीत चारचाकी शिरत नाही. गाडी चिटणीस पार्कच्या बाजूला लावून पाच मिनिटे चालत यावे. सकाळी अकराच्या आधी जाऊ नये, तेव्हा ऊन थेट पश्चिमेच्या ओसरीत पडते आणि रंग फिके वाटतात. दुपारी चारच्या सुमारास सूर्य माडीआड जातो, चौकात सावली उतरते पण वरचे आकाश अजून उजळ असते. त्या तासाभरात दक्षिणेच्या ओसरीची कडेची जागा धरावी आणि साड्या तिथेच मागवाव्यात.